एककिडनी मंडळाचा शनिवार

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक शिस्त असते. नमुना तपासायचा, आकडा लिहायचा आणि बाटली रिकामी करून धुवायला टाकायची. रक्त साठवायचं नाही, लघवी साठवायची नाही. किस्से मात्र कुणी धुवायला टाकत नाही, ते साठतच जातात! आता रिटायर झाल्यावर चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सुधा, ते तुझ्या किडनीवाल्यांचं सांग ना." आणि मी चहा गार करून सांगत बसते.

तर हे सगळं नव्वदीतलं आणि दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांतलं. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं किडनी क्लिनिक होतं. डॉक्टर एकच, त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो. लॅब एका खोलीची, आणि तिची राणी मी! ऑपरेशनं मुंबईला व्हायची, नंतरच्या तपासण्या आमच्याकडे. ज्याला किडनी मिळाली तो बिचारा घाबरून वेळेवर यायचा. ज्यानं दिली तो मात्र टाके काढले की गायब!

सरांना हे अजिबात पटायचं नाही. "घेणाऱ्याकडे सगळं घर लक्ष देतं. देणाऱ्याकडे आता एकच उरलीय, तिच्याकडे कोण बघणार?" असं म्हणून त्यांनी महिन्याचा पहिला शनिवार फक्त दात्यांसाठी राखून ठेवला. प्रत्येकानं सहा महिन्यांतून एकदा यायचं. बीपी, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतून प्रोटीन जातंय का ते, आणि सरांचं लाडकं युरिक ॲसिड. हे युरिक ॲसिड किडनी बाहेर टाकते, त्यामुळे किडनी एकच उरली की ते रक्तात थोडं वाढतं. कुणाचं किती वाढलं, हे सर एका लांबलचक वहीत लिहून ठेवायचे.

इंदिरानगरचे एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांनी बायकोला किडनी दिली होती. पहिल्याच शनिवारी बाकावर बसलेल्या सगळ्यांकडे बघून त्यांनी नाव ठेवलं, 'एककिडनी मंडळ'. ते चिकटलं ते चिकटलंच.

*

मंडळाच्या सगळ्यात वजनदार सभासद म्हणजे भागामावशी. वजनदार म्हणजे बोलण्यात हं, अंगानं अगदी काडी! मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरायच्या आणि फुलबाजारात स्वतः बसून विकायची. एकुलता एक मुलगा दत्तू, ऐन तिशीत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि मावशींनी आपली एक काढून दिली.

पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मावशी, पेशंट कोण?"

"पेशंट घरी हाय, ठणठणीत!"

"मग तुम्ही?"

"मी दिलीय, घेतली नाय! मला बसायला तरी जागा द्या."

मग शेजारी बसलेल्या दोन पेशंटांनी उठून त्यांना जागा दिली.

त्याच दिवशी रक्त काढताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. दत्तू आईची किडनी घ्यायला तयारच नव्हता. महिनाभर घरात कुणाशी बोलला नाही. शेवटी मुंबईला जाताना आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, घेतो. पण तुझ्या उरलेल्या किडनीला कधी काय झालं ना, तर मी त्या दिवशी गोळ्या बंद करीन." ट्रान्सप्लांटच्या गोळ्या बंद केल्या की दिलेली किडनीही जाते, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

"तो लय हट्टी हाय ताई," त्या म्हणाल्या. "माझ्यावर गेलाय."

मला हसू आलं, आणि मग ध्यानात आलं. म्हणजे ह्या बाईची एक किडनी बिघडली, तर दोन माणसं जाणार! तेव्हापासून मावशींची बाटली हातात घेतली की माझं लक्ष इकडे तिकडे जायचं नाही.

*

दोनेक वर्षांनी मावशींचं युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं. सर त्यांना म्हणाले, "मावशी, युरिक ॲसिड जरा जास्त आहे."

मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आसंल साहेब. झेंडूला युरिया मीच टाकते ना, हातानं."

सरांनी दहा मिनिटं समजावलं की युरिया वेगळा, युरिक ॲसिड वेगळं. ते खतातून येत नाही, अंगातच तयार होतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली आणि गेल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा आल्या. आकडा तसाच! सर म्हणाले, "कमी नाही झालं मावशी."

"आसं कसं? ह्या टायमाला मी युरियाच्या गोणीला हात बी लावला नाय. सगळा सुनेला टाकाया लावला!"

आणि त्यांनी दारामागे उभ्या असलेल्या सुनेला हाताला धरून आत ओढलं. "हिचं तपासा आता!"

*

दुसरे आमचे हिरो रावसाहेब. चांदवडकडचे शेतकरी, कांदा आणि थोडी द्राक्षबाग. धाकट्या भावाला किडनी दिलेली. माणूस दिलदार, मिशी झुपकेदार आणि आवाज असा की लॅबचं दार लावलं तरी मला बीपी आत ऐकू यायचं.

एकदा सरांनी त्यांना चोवीस तासांची लघवी आणायला सांगितली. म्हणजे काल सकाळपासून आज सकाळपर्यंतची, सगळी, एका कॅनमध्ये. रावसाहेबांनी घरातला पाच लिटरचा कॅन धुतला, भरला आणि एसटीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "कॅनमध्ये काय आहे? रॉकेल असेल तर गाडीत चालणार नाही."

"रॉकेल नाय, तपासायला नेतोय."

"सगळे असंच म्हणतात. उघडा बूच."

रावसाहेब म्हणाले, "राहू द्या ना." कंडक्टर ऐकेना. त्यानं स्वतः बूच फिरवलं आणि नाक लावून चांगला दीर्घ वास घेतला.

रावसाहेब आम्हाला सांगत होते, "ताई, बूच त्यानंच लावलं. मला म्हणाला, रॉकेल नाय, बसा. चांदवड ते नाशिक शेजारची सीट रिकामी! इतका ऐसपैस मी आयुष्यात आलो नव्हतो!"

*

ह्याच रावसाहेबांचा एकदा पायाचा अंगठा सुजला. लालभडक, चादर लागली तरी ओरडायचे. युरिक ॲसिड इतकं वाढलं होतं की मी मशीन बिघडलं समजून पुन्हा लावलं. तेवढंच!

सरांनी विचारलं, "दारू?"

"माळकरी हाय मी. म्हंजे व्हतो. दारू नाय पण."

"मटण?"

रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "दर रविवारी गुर्दा खातो."

"गुर्दा? म्हणजे बकऱ्याची किडनी?"

"हां. आमच्या मेव्हण्यानं सांगितलं, एक दिलीस ना, आता ती भरून काढ. माळ उतरवून ठेवली त्यासाठी!"

सरांनी पेन खाली ठेवलं. युरिक ॲसिड वाढवायला गुर्द्यासारखं दुसरं खाणं नाही, आणि हा माणूस औषध म्हणून खात होता. सर शांतपणे म्हणाले, "किती वर्षं खाताय?"

"दोन साल झाले. रविवार चुकवला नाय."

"म्हणजे शंभरेक किडन्या झाल्या. रावसाहेब, मग आता अजून एखादी द्यायला काय हरकत आहे?"

रावसाहेब खदाखदा हसले, हसताना अंगठा टेबलाला लागला आणि ओरडले. घरी गेल्यावर त्यांनी पुन्हा माळ घातली.

*

सरांना समजावून सांगायची भारी हौस. एका शनिवारी त्यांनी सगळ्या मंडळाला बाकावर बसवून बारीक रक्तवाहिन्यांचं प्रवचन दिलं. ऑपरेशनच्या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी काही जणांच्या किडनीचा अगदी कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. ज्यांचं युरिक ॲसिड जास्त, त्यांच्यातल्या काहींच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या होत्या.

रावसाहेब ताडकन उभे राहिले. "तुकडा? मी भावाला अख्खी किडनी दिली व्हती! मधी तुकडा कुणी तोडला?"

सर म्हणाले, "अहो, सुईच्या टोकाएवढा. तुमच्या कांद्याच्या लिलावात सॅम्पल बघतात ना, तसं."

लिलाव झाल्यावर व्यापारी माल खराब आहे म्हणून अडून बसला, की त्याला तिकडे 'वांधा काढला' म्हणतात. रावसाहेबांचा चेहरा पडला. खाली बसत त्यांनी हळूच विचारलं, "सॅम्पल बघून कुणी वांधा तर नव्हता ना काढला?"

"नाही हो. एक नंबर माल होता."

तेव्हा कुठे ते सुखावले आणि शेजाऱ्यांकडे वळून बघू लागले.

सरांना वाटलं, गाडी रुळावर आली. ते पुढे म्हणाले, "बघा, तुमच्या द्राक्षाला ठिबक आहे. पाण्यातला क्षार साचून नळ्या आतून बारीक होतात. झाडाला पाणी पोचत नाही. किडनीतल्या बारीक नळ्यांचंही तसंच. आणि हे युरिक ॲसिड तिथे काहीतरी गडबड करतं असं आम्हाला वाटतं."

रावसाहेब पुन्हा उभे! "साहेब, हे उलटं सांगताय तुम्ही. ठिबकच्या नळ्या चोक झाल्या की आम्ही त्यात ॲसिडच सोडतो. चकाचक होतात! ॲसिड वाढलं तर चांगलंच की!"

सगळं मंडळ सरांकडे बघायला लागलं. सरांनी आयुष्यात पुन्हा ठिबकचं उदाहरण दिलं नाही.

*

मास्तरांची गोष्ट वेगळी. ते विज्ञान शिकवायचे, त्यामुळे सरांची परीक्षा घ्यायचा हक्क आपल्यालाच आहे असं त्यांना वाटायचं. एकदा त्यांनी विचारलं, "डॉक्टर, एक नीट सांगा. युरिक ॲसिडमुळे किडनी थकते, की किडनी थकते म्हणून युरिक ॲसिड वाढतं?"

सर म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? अजून नक्की माहीत नाही. चोरीच्या जागी एक माणूस उभा दिसतो. तो चोर आहे की नुसता बघ्या, ते कळत नाही. म्हणून तर वही लिहितोय."

"माझ्या वर्गात कुणी 'माहीत नाही' म्हणालं की मी त्याला उभा करायचो."

आमचे सर खुर्चीवरून उठले आणि हाताची घडी घालून उभे राहिले! मास्तरांनी "बसा" म्हटल्यावरच बसले. अशा डॉक्टरांकडे मी एवढी वर्षं काम केलं, मला त्याचा फार अभिमान आहे.

मास्तर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, ह्यांचं प्रेमही असंच. दोघं बरोबरच तपासणीला यायची. मास्तरांचं बीपी वाढलं की बाईंना दोष, बाईंचं वाढलं की मास्तरांना. एकदा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला मी माझं अर्धं शरीर दिलं, तरी ही माझ्याशी भांडते."

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "किडनी दिलीत हो. पण टीव्हीचा रिमोट काही अजून सुटला नाही हातातून!"

*

आता भागामावशींचं.

वर्षं जात होती. मावशी साठीच्या पुढे गेल्या. त्यांचं युरिक ॲसिड दर वेळी थोडं वर, क्रिएटिनिनही हळूहळू वर. सरांनी बीपीची गोळी वाढवली, मीठ कमी केलं, पाणी वाढवलं. मग एका शनिवारी मी त्यांची लघवी तापवली आणि नळीत पांढरट गढूळ दिसलं. प्रोटीन जायला लागलं होतं. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावल्या जात असल्याची ती खूण होती. दोष कुणाचाच नव्हता, सगळ्यांचं असं होतही नाही, पण मावशींचं होत होतं.

सर त्यांना म्हणाले, "मावशी, ह्यापुढे तुम्हाला दर महिन्याला यावं लागेल. उन्हात राबणं कमी. घरातल्यांनी लक्ष द्यायला हवं. पुढच्या वेळी प्रोटीन असंच दिसलं, तर मी दत्तूला बोलावून सांगणार."

मावशी उठून थेट माझ्या लॅबमध्ये आल्या आणि स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं ओळखत होते त्यांना, डोळ्यांत पाणी पहिल्यांदा बघितलं.

"ताई, साहेबांना सांगा ना. दत्तूला कळाया नको. त्यानं गोळ्या टाकल्या ना, तर मी दिलं ते बी गेलं आन् ऱ्हायलं ते बी."

"तो नाही टाकणार मावशी. तेव्हा रागात बोलला असेल."

"तुम्ही वळखत नाय त्याला. मी वाढवलाय."

मी सरांशी बोलले. सर म्हणाले, "सुधाताई, आपण लपवायचं नाही. पण पुढचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू." मला तो महिना फार जड गेला. घरी भाजी चिरताना, बसमध्ये, मावशींची ती गढूळ नळीच डोळ्यांपुढे यायची.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी मावशी आल्या. दत्तू मोटरसायकलवर घेऊन आला होता, तो बाहेर बाकावर बसला. मावशी आज अगदी खुशीत. आमच्यासाठी शेवंतीचा गजरा आणला होता. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नीट बघा हां ताई."

मी नळी तापवली. डोळे मिटून घेतले आणि उघडले.

काचेसारखी स्वच्छ! प्रोटीनचा मागमूस नाही!

मी ॲप्रनचं बटण लावायचं विसरून सरांच्या केबिनमध्ये धावले. सरांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. "वा! मावशींनी मीठ सोडलं वाटतं." एवढे खूश झालेले सर मी क्वचित पाहिले. मी परत आले, आता फक्त साखर बघायची राहिली होती. निळ्या द्रावणात आठ थेंब टाकले आणि उकळलं. साखर नसली की रंग निळाच राहतो.

निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा विटकरी लाल! भरपूर साखर!

मावशींना डायबेटिस? रक्त तपासलं तर साखर अगदी नॉर्मल. पुन्हा लघवी उकळली, पुन्हा लाल. मला काही सुचेना. काय चुकलं म्हणून बाटली हातात घेऊन मी दारात उभी राहिले, तेवढ्यात बाकावरून दत्तूनं हाक मारली.

"ताई, माझा बी रिपोर्ट लगेच देणार का?"

"तुझा? तुझी तपासणी कुठे आहे आज?"

"आसं कसं? सकाळी आई म्हणली, लॅबवाल्या ताईंनी तुझी बी बाटली मागितलीय. मी दिली की भरून. माझी साखर किती हाय ते बघायचं व्हतं, ह्या गोळ्यांनी वाढलीय ना दोन वर्षं."

मी त्याला म्हटलं, "हो हो, बस जरा." आणि ती बाटली घेऊन केबिनमध्ये गेले. सरांना सगळं सांगितलं. सरांनी काही क्षण कपाळ दाबून धरलं, मग मावशींना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाटली टेबलावर मधोमध ठेवली.

"भागामावशी, माझ्याकडे बघा. खोटं बोलायचं नाही. ही लघवी कुणाची?"

मावशींनी पदर सावरला, बंद दाराकडे एकदा बघितलं आणि सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"माझ्याच किडनीची!"